रात्री पावणेदहाचा शो सोडा, दुपारी सव्वाचारचा घ्या

प्रश्न साताऱ्याच्या एका वडिलांचा आहे. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची, बरोबर पत्नी आणि ६८ वर्षांच्या आई. मुलगा वर्षभर ज्या सुपरहिरोच्या सिनेमाची वाट बघतोय तो लागतोय, तेव्हा त्या निमित्ताने रविवारी सगळ्यांनी पुण्याला यायचं ठरलंय. सकाळी कात्रजचं प्राणिसंग्रहालय, मग शनिवारवाडा, आईंसाठी सारसबागेतल्या गणपतीचं दर्शन, संध्याकाळी मॉल आणि शेवटी रात्री पावणेदहाचा थ्रीडी शो. सिनेमा सुटला की गाडी काढून रात्रीच घरी. बहीण बिबवेवाडीला राहते, वेळ उरला तर तिच्याकडे डोकावायचं. "काही राहून जातंय का?" असं त्यांनी विचारलंय.

राहून काही जात नाहीये. पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे तो सिनेमाच तुमच्या मुलाच्या हातून जाईल, अशी मला खरी भीती वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पुण्यात २४ वर्षं थिएटरात काम करतोय. सुरुवात एका एकपडदा थिएटरात डोअरकीपर म्हणून झाली. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्ची दाखवायची. मग प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ऑपरेटर झालो, आणि गेली १३ वर्षं मल्टिप्लेक्समध्ये ड्यूटी मॅनेजर आहे. सुट्टीच्या दिवशी रात्रीचा शो सुटताना मी दाराशी उभा असतो. बाहेर पडणाऱ्या लहान मुलांपैकी कितीतरी बापाच्या खांद्यावर झोपलेली असतात. काहींच्या तोंडावर मुखवटा तसाच असतो.

त्यातला एक मुलगा माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आठ-नऊ वर्षांचा असेल. बाहेरगावचं कुटुंब होतं, दिवसभर पुणं फिरून आलेलं. लॉबीतल्या उजेडात त्याला जाग आली, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि बापाला विचारलं, "संपला?" बाप काही बोलला नाही. मग तो पोरगा जे रडला, ते हट्टाचं रडणं नव्हतं. आपलं काहीतरी कायमचं गेलंय हे कळल्यावर माणूस रडतो तसं होतं. योगायोगाने तोच सिनेमा दुसऱ्या पडद्यावर पाऊण तास मागे चालू होता. नियमात बसत नव्हतं, तरी मी त्यांना तिकडे नेलं, आणि शेवटची लढाई त्या पोराने दाराजवळ उभं राहून पाहिली. पण दर वेळी दुसऱ्या पडद्यावर सिनेमा मागे चालू असेलच असं नाही.

आता तुमच्या दिवसाचा हिशोब शेवटाकडून करू. सिनेमा २ तास १० मिनिटांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. तिकिटावर ९:४५ असलं, तरी जाहिराती आणि ट्रेलर धरून सिनेमा सुरू होईपर्यंत दहा वाजून पाच मिनिटं होतात. मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर. म्हणजे संपायला साडेबारा. पार्किंगमधून गाडी बाहेर निघेपर्यंत पाऊण वाजतो. साताऱ्याला तुम्ही पोचणार तीनच्या सुमाराला. म्हणजे खंबाटकीचा घाट रात्री दोन वाजता, पहाटेपासून जागा असलेला माणूस चालवणार, आणि मागे सगळे झोपलेले. बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, पण एवढ्यासाठी तरी हा शो बदला.

दुपारी सव्वाचारच्या आसपासचा शो घ्या. सिनेमा साधारण चार पस्तीसला सुरू होईल आणि सातला संपेल. जेवून सव्वाआठला निघालात तरी पावणेअकरापर्यंत घरी. रविवार संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर जी गर्दी होते ती बहुतेक पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांची असते, साताऱ्याच्या बाजूला जाणारा रस्ता त्या मानाने मोकळा मिळतो. शनिवारी सकाळी नेमकं उलट असतं. तुम्ही रविवार निवडलाय ते चांगलंच केलंय.

पहिल्याच रविवारी यावं की आठवडाभर थांबावं, असंही तुम्ही विचारलंय. मोठ्यांना मी नेहमी थांबायला सांगतो. दुसऱ्या आठवड्यात गर्दी कमी असते आणि हवी ती खुर्ची मिळते. पण वर्षभर थांबलेल्या दहा वर्षांच्या मुलाला थांबवू नका. सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीच्या आत कुणीतरी त्याला शेवट सांगणार. पहिलाच रविवार धरा आणि बुकिंग सुरू झालं की त्याच दिवशी तिकिटं काढा. रविवारी चारचा शो सगळ्यांत आधी भरतो.

सकाळी काय करायचं? मी तरी फक्त कात्रज ठेवेन. साताऱ्याहून येताना ते वाटेवरच लागतं आणि थिएटरही सातारा रोडलाच मिळतं, म्हणजे शहरात शिरायची गरजच नाही. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, रविवारी चालू. फाटक साडेनऊला उघडतं, तेव्हाच तिथे असा. सकाळी जनावरं हिंडती-फिरती असतात, उन्हं चढली की वाघ सावलीला जाऊन पडतो आणि मुलांना नुसती शेपटी दिसते. जागा मोठी आहे, तळं धरून जवळजवळ १३० एकर. सगळं बघायचंच असं मनात आणलंत तर चार तास जातील आणि मुलीला कडेवर घ्यावं लागेल. मुलांना आदल्या रात्री विचारून ठेवा की कुठली तीन ठिकाणं नक्की बघायची. सर्पोद्यान, वाघ, हत्ती, जे सांगतील ते. ती तीन बघा, साडेअकराला बाहेर पडा. बॅटरीवर चालणारी गाडी आहे, पण रविवारी तिची रांग मोठी असते. तिच्या भरवशावर वेळ धरू नका.

शनिवारवाडा या खेपेला राहू द्या. १७३२ पासून उभा आहे, पुढच्या खेपेलाही असेल. मॉलही राहू द्या. दोन तास सरकत्या जिन्यांवर वरखाली करून मुलं जेवढी दमतात, तेवढी कात्रजला चालूनही दमत नाहीत.

आईंच्या गणपतीचं मात्र रद्द करू नका. पोरांच्या दिवसात आजीची एवढी एकच इच्छा आहे, आणि अशा बेतात वेळ कमी पडला की पहिल्यांदा तीच कापली जाते. पण प्राणिसंग्रहालयाची पायपीट आईंना कशाला? थोडा वळसा पडेल, तरी सकाळी त्यांना आधी बिबवेवाडीला तुमच्या बहिणीकडे सोडा आणि मग कात्रजला परत या. लेक आणि आई रिक्षाने सारसबागेत जाऊन तळ्यातल्या गणपतीचं सावकाश दर्शन घेतील, बागेत घटकाभर बसतील. तुम्ही "वेळ उरला तर" म्हणून जी भेट शेवटी ठेवली होती, ती त्या दोघींना सकाळभर मिळेल. मग बाराला सगळे आत्याच्या घरी जेवायला.

आणि जेवणानंतर झोपा. दिवसाचे हे तीन तास मी कुणालाही सोडू देणार नाही. साडेबारा ते साडेतीन बहिणीचं घर, पंखा, चटई, पडदे ओढलेले. मुलगा म्हणेल झोप येत नाही. येऊ दे न येऊ दे, आडवा पडू दे. सकाळी सहाला उठलेलं, साडेनऊपासून उन्हात फिरलेलं पोर दुपारी तासभर पडलं, की पाच वाजता अंधाऱ्या, गार हॉलमध्ये टक्क जागं राहतं. नाही पडलं, तर तो अंधार आणि ते एसी त्याला मध्यंतराआधीच झोपवतात. बहीण नसती तर मी तुम्हाला कात्रजसुद्धा गाळायला सांगितलं असतं.

याच दुपारी मुलाला एक काम द्या. आजीला सिनेमातली माणसं समजावून सांगायची. कोण कुणाचा मित्र, खलनायकाला काय हवंय, मागच्या भागात काय झालं. त्याच्यासारखा जाणकार घरात दुसरा नाही. मी अनेक आज्या पाहिल्यात. ज्यांना आधी कुणी काही सांगितलेलं नसतं त्या अर्ध्या तासात घड्याळ बघायला लागतात. ज्यांना नातवाने गोष्ट सांगितलेली असते त्या मध्यंतरात मला विचारतात, "तो निळा पोशाखवाला मेला की काय हो?" पण आईंना खरंच यायचंय का, हे आधी त्यांनाच विचारा. नको म्हणाल्या तर लेकीकडे संध्याकाळ घालवतील, आणि त्यांना तेच जास्त आवडेल असंही होऊ शकतं.

आता मुलीचं. सिनेमाला यूए १३+ प्रमाणपत्र आहे असं तुम्ही लिहिलंय आणि तिला आत सोडतील का, असं विचारलंय. सोडतील. २०२४ च्या नव्या नियमांनी यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांसाठी आहेत. आईबाप बरोबर असतील तर त्याहून लहान मुलालाही येता येतं, फक्त 'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला १८ वर्षांखालच्या कुणालाही सोडत नाहीत. तिचं पूर्ण तिकीट मात्र काढा, बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांपासून तिकीट लागतं.

पण सोडतील म्हणून न्यावं का, हा प्रश्न वेगळा. पाच वर्षांची मुलं राक्षसाला जेवढी घाबरत नाहीत तेवढी आवाजाला घाबरतात. आमच्या साउंड प्रोसेसरवर, म्हणजे आवाजाच्या यंत्रावर, ७ हा आकडा असतो. सिनेमाचा आवाज तयार करताना सिनेमावाल्यांनी धरलेली पातळी ती. तेवढ्यावर स्फोटाचा आवाज एकेका मोठ्या स्पीकरमधून १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. आम्ही बहुतेक शोला आवाज ५ या आकड्याच्या आसपास ठेवतो, तरी लहान कानांना ते पुष्कळ होतं. घरी टीव्हीवर, मोबाइलवर नव्हे, आवाज जरा मोठा ठेवून तिला ट्रेलर दाखवा. कानावर हात ठेवून बघत राहिली तर आणा. उठून आतल्या खोलीत गेली तर तिला आत्याकडे ठेवा, यात तिच्यावर काही अन्याय नाही. आणलीत तर मुलांचे कान झाकायचे इअरमफ मिळतात ते घेऊन या. भिंतीलगतच्या खुर्च्या टाळा, बाजूचे स्पीकर तिथे डोक्यावरच येतात.

खुर्च्यांबद्दल लोक मला विचारतात की सगळ्यांत चांगली जागा कुठली. आवाज आणि चित्र दोन्हींसाठी पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागे, बरोबर मध्यावर. पण ती जागा एकट्या माणसासाठी. तुम्ही त्याच ओळीत कडेच्या, वाटेलगतच्या पाच खुर्च्या घ्या. कडेला मुलीबरोबर एक मोठं माणूस, आणि मुलाला सगळ्यांत आत, म्हणजे कुणी उठलं-बसलं तरी त्याच्यासमोरून जाणार नाही. ए ओळ काही थिएटरांत पडद्याजवळ असते, काहींत मागे. बुकिंगच्या नकाशावर पडदा कुठल्या बाजूला दाखवलाय ते बघूनच बोट ठेवा. आईंचे गुडघे दुखत असतील तर थिएटरला फोन करून विचारा की त्या स्क्रीनचं दार वर आहे की खाली. अंधारात पायऱ्या चढण्यापेक्षा दाराजवळची ओळ बरी.

मुलगी घाबरली किंवा तिला शू लागली तर कोण उठणार, हे गाडीतच ठरवून टाका. इतक्या वर्षांत मी बघतोय, दर वेळी बाहेर आईच येते. लॉबीत लेकराला कडेवर घेऊन दाराच्या काचेतून आत बघत उभी असते, आणि अर्धा सिनेमा तिचा असाच जातो. मध्यंतरापर्यंत तुम्ही उठा, नंतर पत्नी. किंवा उलट. पण वाटून घ्या.

थ्रीडी की टूडी? मुलाने मुद्दाम थ्रीडीच मागितलं नसेल तर टूडी. चष्म्यातून पडद्याचा बराच उजेड कमी होतो, आणि या सिनेमांतल्या निम्म्या लढाया रात्रीच असतात. पाच वर्षांच्या नाकावर तो चष्मा टिकत नाही, आणि काढला की चित्र दुहेरी दिसतं. आईंना त्यांच्या चष्म्यावर दुसरा चष्मा चढवावा लागेल. भाषा मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. एकाच सिनेमाचे इंग्रजी आणि हिंदी शो शेजारशेजारच्या वेळांना असतात, आणि दर रविवारी एक तरी कुटुंब चुकीच्या भाषेचं तिकीट घेऊन माझ्यासमोर उभं राहतं. त्या वेळी दुसरा शो भरलेला असेल तर माझ्याही हातात काही राहत नाही. आई आणि मुलगी येणार असतील तर हिंदी घ्या. मुलाला इंग्रजीच हवं असेल तर त्याच्याशी आधी बोला, ऐन दारात नको.

खाण्याचं थोडक्यात. बाहेरचे पदार्थ आत नेऊ द्यायचे की नाही हे थिएटर ठरवू शकतं, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. पिण्याचं स्वच्छ पाणी मात्र फुकट द्यावंच लागतं, ते हक्काने मागा. तुमच्या घरी डबा आणायची सवय असेल तर तो बहिणीकडेच संपवा. आईंना साखरेसाठी वेळेवर काही खावं लागत असेल तर तपासणीच्या टेबलावर आधीच सांगा, औषध दाखवा. शांतपणे सांगितलं तर आमची माणसं ऐकतात. पॉपकॉर्न घ्यायचेच असतील तर जाहिराती चालू असताना घ्या, मध्यंतराच्या रांगेत पंधरा मिनिटं सहज जातात.

मध्यंतराबद्दल एक गोष्ट सहसा लोकांना ठाऊक नसते. हॉलिवूडच्या सिनेमात मध्यंतर लिहिलेलंच नसतं, ते इकडे टाकलं जातं. रिळांच्या काळात मी केबिनमध्ये असताना एक रीळ साधारण वीस मिनिटांचं असायचं, आणि कुठल्या रिळानंतर दिवे लावायचे ते आम्ही सिनेमा आधी एकदा बघून ठरवायचो. लढाईच्या मध्ये तोडलं की लोक केबिनकडे बघून ओरडायचे. आता ती जागा संगणकात आधीच भरलेली असते, पण अजूनही ती साधारण अर्ध्यावरच येते. तुमच्या सिनेमात म्हणजे सुरुवातीपासून पासष्ट-सत्तर मिनिटांनी. तासाच्या पुढे घड्याळ गेलं आणि पडद्यावर जरा निवांत बोलणं चालू झालं, की मुलीला घेऊन उठा. दिवे लागायच्या आत परत याल आणि स्वच्छतागृहात रांगही नसेल.

मुलगा सुपरहिरोचा पोशाख घालून येणार असेल तर येऊ द्या, तसे पोशाख घालून आलेली पोरं लॉबीत बघितली की आम्हालाही बरं वाटतं. पण सरकत्या जिन्याला पाय लावण्याआधी तो मागचा झगा गोळा करून त्याच्या हातात द्या. जिन्याच्या कडेला कापड अडकताना मी पाहिलंय. रबरी चपलांचंही तेच. लिफ्ट असेल तर लिफ्टनेच जा.

सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. या सिनेमांत नामावलीच्या मध्ये किंवा शेवटी एखादा छोटा प्रसंग असतो, आणि तुमच्या मुलाला ते पक्कं माहीत असणार. २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' लागला होता, १८१ मिनिटांचा. त्याच्या शेवटी प्रसंग नव्हताच, होता तो अगदी शेवटी नुसता हातोड्याचे घाव पडल्याचा आवाज. तरी तीन तास बसलेली पोरं खुर्च्यांतून हलत नव्हती, आणि आमची सफाईची मुलं झाडू घेऊन कडेला उभी. त्या पोरांना कुणी उठवलं नाही. तुमच्या मुलालाही कुणी उठवणार नाही. ती आठ-दहा मिनिटं तुम्ही त्याच्याजवळ बसा. आई आणि मुलीला पत्नी पुढे घेऊन जातील, तोवर पार्किंगची पहिली गर्दीही सरेल.

मग जेवण सातारा रोडलाच कुठेतरी साधं घ्या आणि निघा. गाडीत गाणी लावू नका. तो बोलत राहील, कात्रजच्या बोगद्यापासून शिरवळपर्यंत तरी, आणि मग मध्येच झोपेल.

एक शेवटचं. तिकिटं मोबाइलवर काढलीत तरी काउंटरवर कोड दाखवून छापील प्रत मागा, बहुतेक ठिकाणी देतात. आमच्या वेळी फाटक्या तिकिटाचा अर्धा तुकडा पोरं वहीत चिकटवून ठेवायची, हल्लीच्या पोरांच्या हातात काही उरत नाही. पण तो कागद उष्णतेने छापलेला असतो, वर्षा-दोन वर्षांत त्यावरची अक्षरं पुसट होतात. साताऱ्याला गेल्यावर आठवड्याभरात त्याची एक झेरॉक्स काढून ठेवा.